सुताराला शिकवायला कोण शिकवतं? अमेरिकेतल्या व्यवसाय-शिक्षकांच्या शिक्षणाची गोष्ट

 

तुमच्या घरात हायस्कूलला जाणारं मूल असेल, तर पुढच्या वर्षीचे विषय निवडायची वेळ तुमच्या चांगली ओळखीची असेल. गणिताचा कुठला वर्ग, विज्ञानाचा कुठला, एपीचे किती, हे सगळं आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो. मग एक पान येतं. त्यावर लिहिलेलं असतं 'करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन', थोडक्यात सीटीई. खाली यादी असते: वेल्डिंग, मोटारदुरुस्ती, बांधकाम, हॉटेलचा स्वयंपाक, रुग्णसेवा, शेती. बहुतेक मराठी घरांत हे पान पटकन उलटलं जातं. "हे आपल्यासाठी नाही," असं कोणी मोठ्याने म्हणत नाही, पण मुलांना ते बरोबर कळतं.

आज आपण त्याच पानावर थांबणार आहोत. हे विषय शिकवणारी माणसं येतात कुठून? त्यांना शिकवायला कोण शिकवतं? आणि वेल्डिंग शिकवणाऱ्या माणसाने विद्यापीठात जाऊन मास्टर्स, अगदी डॉक्टरेटसुद्धा करावी, ही कल्पना निघाली कशी? ही गोष्ट जवळजवळ दीडशे वर्षांची आहे, आणि तिच्यात दोन-तीन ठिकाणी आपल्या ओळखीची माणसंही भेटतात.

सुरुवात करूया फिलाडेल्फियापासून. साल १८७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून तिथे मोठं प्रदर्शन भरलं होतं. मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलने त्यात आपल्या विद्यार्थ्यांचं काम मांडलं होतं. त्यात दिखाऊ वस्तू फारशा नव्हत्या. होते ते क्रमाने लावलेले नमुने: आधी साधा सांधा, मग थोडा अवघड, मग त्याहून अवघड. व्हिक्टर डेला-वॉस या रशियन शिक्षणतज्ज्ञाने कारागिराच्या कामाची फोड करून त्याचे धडे बनवले होते.

यात विशेष ते काय, असं वाटेल. पण तोपर्यंत कसब शिकायचं म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राबायचं. आधी झाडलोट, मग हत्यारं हातात देणं, आणि उस्तादाची मर्जी असेल तेव्हा एखादी खुबी कळणार. आपल्याकडेही सुतार-लोहारांची पोरं अशीच शिकली. डेला-वॉसचं म्हणणं असं, की कसबाचा क्रम लावता येतो आणि एक शिक्षक एका वर्गाला ते शिकवू शकतो. बॉस्टनच्या एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल हे पाहून भारावले आणि त्यांनी ही पद्धत आपल्या संस्थेत आणली. सेंट लुइसमध्ये कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी १८८० मध्ये मुलांसाठी हस्तकौशल्याची शाळा सुरू केली.

कसब वर्गात शिरलं आणि लगेच अडचण उभी राहिली. वर्ग घेणार कोण? चांगल्या सुताराला फळा-खडू आणि वीस मुलं सांभाळायची सवय नाही. चांगल्या मास्तरला रंधा धरता येत नाही. पुढच्या दीडशे वर्षांची सगळी गोष्ट या एका अडचणीभोवती फिरते.

आता न्यूयॉर्कला येऊ. ग्रेस डॉज नावाची एका श्रीमंत व्यापारी घराण्यातली तरुणी गरीब मुलींना घरकाम नीट शिकवावं म्हणून झटत होती. त्या संस्थेचं नाव गमतीचं होतं: 'किचन गार्डन असोसिएशन'. किंडरगार्टनच्या धर्तीवर, खेळण्यातल्या भांड्याकुंड्यांनी शिकवायचं म्हणून किचन गार्डन. १८८४ मध्ये त्या संस्थेची 'इंडस्ट्रियल एज्युकेशन असोसिएशन' झाली. शिकवायला माणसं मिळेनात, तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी शिक्षक घडवणारं कॉलेजच काढलं. १८९२ मध्ये त्याला नाव मिळालं 'टीचर्स कॉलेज'. हेच आजचं कोलंबिया विद्यापीठाचं टीचर्स कॉलेज, शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी जगभर नावाजलेलं. एवढ्या मोठ्या संस्थेचं मूळ शिवण-टिपण आणि सुतारकाम शिकवणाऱ्या बाईमाणसांत आहे, हे तिथे शिकणाऱ्यांनाही अनेकदा माहीत नसतं.

आता जरा आपल्या पुण्यात डोकावूया, कारण नेमक्या याच काळात तिथेही हा प्रश्न कोणीतरी विचारला होता. १८८२ मध्ये सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपलं निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा ही त्यातली मागणी आपण शाळेत वाचलेली असते. पण जोतीरावांनी शिक्षकाबद्दलही बारकाईने लिहिलं होतं. शिक्षक प्रशिक्षित हवा, त्याला बरा पगार हवा, आणि वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. मुलांना शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं, असंही त्यांनी सुचवलं होतं. याच जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे १८७३ चं पुस्तक गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. हात आणि अक्षर यांची फारकत मोडायची तर ती शिक्षकापासून मोडावी लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं.

मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आपलं व्हीजेटीआय, सुरू झालं १८८७ मध्ये. न्यूयॉर्कचं ते शिक्षकांचं कॉलेजही त्याच वर्षीचं. पुढे कारखानदार म्हणून नाव काढलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी याच व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली. सयाजीरावांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखाने वाढत होते आणि बहुसंख्य मुलं हायस्कूल पुरं न करता कामाला लागत होती. १९०६ मध्ये व्यवसाय शिक्षणाचा पुरस्कार करणारी एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली. पुढे तिचा कारभार चार्ल्स प्रॉसर यांच्याकडे आला. प्रॉसर यांनी टीचर्स कॉलेजमध्ये डॉक्टरेट केली होती. त्यांचे जोडीदार होते डेव्हिड स्नेडन, मॅसॅच्युसेट्सचे शिक्षण आयुक्त. दोघांचं मत एकच: उद्योगाला जशी माणसं लागतात तशी शाळेने तयार करावीत, आणि त्यासाठी नेहमीच्या शाळांहून वेगळ्या शाळा असाव्यात.

याला कडाडून विरोध केला जॉन ड्युई यांनी. ते तेव्हा कोलंबियात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. 'न्यू रिपब्लिक' या साप्ताहिकात १९१४-१५ मध्ये ड्युई आणि स्नेडन यांची जाहीर जुंपली. ड्युईंना हातांचं काम फार मोलाचं वाटत असे. मुलांनी विणावं, रांधावं, सुतारकाम करावं आणि त्यातूनच विज्ञान, भूगोल, इतिहास शिकावा, असं ते म्हणत. पण कामगारांची मुलं एका शाळेत आणि मालकांची दुसऱ्या, ही विभागणी त्यांना मान्य नव्हती. आहे त्या कारखान्यात मुकाट बसेल असा माणूस घडवणं हे शिक्षण नव्हे. काम करणाऱ्याने ते काम समजून घ्यावं आणि पुढे बदलावं, यासाठी शिक्षण हवं, हा त्यांचा मुद्दा.

हा वाद रंगात असताना ड्युईंच्या वर्गात एक मराठी विद्यार्थी होता, भीमराव आंबेडकर. १९१३ ते १९१६ ही तीन वर्षं ते कोलंबियात होते, आणि त्यांना शिष्यवृत्ती दिली होती त्याच सयाजीराव महाराजांनी. ड्युई आपले गुरू होते आणि आपण त्यांचे ऋणी आहोत, हे बाबासाहेबांनी पुढे 'जातिनिर्मूलना'च्या १९३६ च्या भाषणात नोंदवून ठेवलं. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिलं, की जातीव्यवस्थेला कामाची वाटणी म्हणून गोंडस रूप देता येणार नाही, कारण ती कामकऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते आणि जन्माआधीच माणसाचं काम ठरवून टाकते. मुलाचा धंदा दुसऱ्या कोणी ठरवू नये, ही ड्युईंच्या विचारातली धार बाबासाहेबांना किती जवळची वाटली असेल, याचा विचार तुम्हीच करा.

वादात तर्क ड्युईंचा भक्कम होता, कायदा मात्र प्रॉसरच्या मनासारखा झाला. २३ फेब्रुवारी १९१७ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी 'स्मिथ-ह्यूज' कायद्यावर सही केली. शेती, कारखान्यातली कामं आणि गृहविज्ञान शिकवण्यासाठी केंद्र सरकारचा पैसा पहिल्यांदाच राज्यांच्या हायस्कूलांपर्यंत पोचला. या कायद्याने शिक्षक घडवण्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढली, जी काही वर्षांत वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत जायची होती. त्याला एक अटही जोडली: या पैशातून ज्यांना शिक्षक म्हणून तयार करायचं, त्यांना त्या धंद्याचा पुरेसा अनुभव असला पाहिजे, किंवा तो अनुभव ते घेत असले पाहिजेत. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, हा आपल्या आजीबाईंचा न्याय अमेरिकन कायद्यात बसला तो असा.

गंमत म्हणजे तिन्ही विषयांचे शिक्षक तीन वेगळ्या वाटांनी आले. शेतीचे शिक्षक आले १८६२ च्या मॉरिल कायद्याने उभ्या राहिलेल्या लँड-ग्रँट कॉलेजांतून, चार वर्षांची पदवी घेऊन. गृहविज्ञानाच्या बायकाही पदवीधर होत्या. ज्या काळात विद्यापीठांची बहुतेक दारं बायकांना अर्धवटच उघडी होती, त्या काळात याच विषयाने अनेकींना प्राध्यापकीपर्यंत नेलं. आणि कारखान्यातली कामं शिकवणारे आले थेट लेथवरून. दिवसा काम, संध्याकाळी शिकवायचं कसं याचे वर्ग. पदवी नाही, पण हात तयार.

या तिसऱ्या गटासाठी चार्ल्स अ‍ॅलन यांनी एक पद्धत बसवली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला घाईने जहाजं हवी होती, आणि जहाजं बांधणारे कुशल कामगार थोडे होते. जे होते त्यांनीच नवख्यांना शिकवायचं ठरलं. अ‍ॅलन यांनी त्यांना चार पायऱ्या सांगितल्या. आधी शिकणाऱ्याचं मन तयार करा, त्याला काय येतं ते जाणून घ्या. मग काम दाखवा आणि समजवा. मग त्याला करू द्या. शेवटी तो एकट्याने करू शकतो का, ते पाहा. १९१९ मध्ये त्यांचं यावरचं पुस्तक आलं. दुसऱ्या महायुद्धात याच विचारावर कारखान्यांतल्या मुकादमांसाठी प्रशिक्षण उभं राहिलं, युद्धानंतर ते जपानला गेलं आणि टोयोटासारख्या कंपन्यांच्या कामाच्या शिस्तीत मुरलं.

तुमच्यापैकी जे रविवारी मराठी शाळेत शिकवतात, त्यांना हे वाचून हसू येईल. आपल्याला मराठी येते, मग शिकवण्यात काय अवघड, असं म्हणूनच आपण पहिल्या दिवशी वर्गात शिरतो. आणि सात वर्षांचं मूल विचारतं, "'ती खुर्ची' आणि 'ते टेबल', असं का?" उत्तर आपल्याला ठाऊक असतं आणि सांगता मात्र येत नाही. पाणी आडात भरपूर असतं, पोहराच नसतो. उत्तम वेल्डरची पहिल्या वर्गात हीच अवस्था होते. त्याचा हात ज्या गोष्टी आपोआप करतो, त्या त्याने कधी शब्दांत मांडलेल्याच नसतात.

हा पोहरा घडवण्यासाठी पदव्युत्तर अभ्यास आला. विस्कॉन्सिनमधल्या मेनोमोनी या छोट्या गावाचं उदाहरण घ्या. जेम्स हफ स्टाउट या लाकडाच्या व्यापारातल्या धनिकाने १८९१ मध्ये तिथे हस्तकौशल्याची शाळा सुरू केली. १९०८ मध्ये तिची स्टाउट इन्स्टिट्यूट झाली आणि शिक्षक घडवणं हे तिचं मुख्य काम ठरलं. १९११ मध्ये ती राज्याने चालवायला घेतली. १९३० च्या दशकात तिथे मास्टर्सचे वर्ग सुरू झाले. १९७१ पासून ती विस्कॉन्सिन विद्यापीठाचा भाग आहे, आणि सीटीईच्या शिक्षकांसाठी मास्टर्सचा अभ्यासक्रम तिथे आजही आहे.

या गोष्टीची एक काळी बाजूही सांगायला हवी. दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. टस्कीगीत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून हातांच्या कामावर संस्था उभी केली आणि तिथून शिक्षक गावोगाव गेले. पण डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी त्यांना रोखठोक प्रश्न विचारला: काळ्या मुलांना फक्त हातांचंच काम शिकवलंत, तर पुढारी, विचारवंत, आणि शिक्षकांचे शिक्षक कुठून येणार? स्मिथ-ह्यूजचा पैसा वाटणारी राज्यं गोऱ्यांच्या हातात होती आणि काळ्यांच्या शाळांना त्यातला योग्य वाटा मिळत नसे. हातांचं काम सन्मानाचं ठरतं की बेडी ठरतं, हे ते काम कोणी निवडलं यावर असतं. आपल्या समाजाला हा धडा परका नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रं बदलली, आणि जुन्या तीन विषयांत सगळं बसेना. १९६३ मध्ये नवा व्यवसाय शिक्षण कायदा आला. त्यात रुग्णसेवा, कार्यालयीन काम, तंत्रज्ञान अशा नव्या क्षेत्रांना वाव मिळाला. १९६५ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात व्यवसाय शिक्षणाच्या संशोधनाचं केंद्र सुरू झालं. १९६८ च्या दुरुस्त्यांनंतर या क्षेत्रातलं नेतृत्व करणाऱ्यांना पदव्युत्तर अभ्यासासाठी केंद्राकडून शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. गराजमधून आलेला एखादा शिक्षक डॉक्टरेट होऊन राज्याच्या धोरणावर बोलू लागला, तो या दारातून. १९८४ च्या कायद्याला केंटकीचे खासदार कार्ल पर्किन्स यांचं नाव मिळालं. १९९८ मध्ये या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या नावातला 'व्होकेशनल' शब्द काढून 'करिअर अँड टेक्निकल' घेतला, आणि २००६ मध्ये कायद्यानेही तो स्वीकारला. २०१८ मध्ये पर्किन्स कायद्याची ताजी आवृत्ती आली.

आज या मास्टर्समध्ये शिकवतात तरी काय? एखाद्या धंद्याची फोड करून अभ्यासक्रम कसा बनवायचा, करवतीच्या पात्याजवळ पंचवीस मुलं असताना सुरक्षितता कशी सांभाळायची, हाताच्या कामाला गुण कसे द्यायचे, शिकायला वेगळ्या मदतीची गरज असलेल्या मुलाला यंत्रापाशी कसं सामावून घ्यायचं, गावातल्या कारखानदारांचं सल्लागार मंडळ कसं चालवायचं, आणि केंद्राच्या निधीचा हिशोब कसा द्यायचा. बरेचसे विद्यार्थी नोकरी करत, संध्याकाळी किंवा ऑनलाइन शिकतात. अनेक राज्यांत उद्योगातून आलेल्या माणसाला अनुभवावर आधी परवाना मिळतो, आणि शिकवता शिकवता तो शिक्षणशास्त्राचा अभ्यास पुरा करतो. १९१७ च्या त्या अटीचा हा नातू म्हणा.

भांडण मात्र मिटलेलं नाही. एक बाजू म्हणते, पदव्यांचा आग्रह धरलात तर वीस वर्षं तारा ओढलेला इलेक्ट्रिशियन वर्गात येणारच नाही. बाहेर त्याला पगार जास्त मिळतो, तो कशाला निबंध लिहीत बसेल? दुसरी बाजू म्हणते, पदवीची अपेक्षाच काढून टाकलीत, तर शिक्षकांच्या खोलीत हा माणूस कायम खालच्या पायरीवर राहील, आणि त्याच्या वर्गातली मुलंही. दोन्हींत तथ्य आहे. मला दुसरी बाजू अधिक पटते, एका अटीवर: विद्यापीठाने त्याच्या हातातलं ज्ञान हे ज्ञान म्हणून मोजलं पाहिजे.

भारतातही हीच वाट चालली गेली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, आयटीआय उभी राहिली, आणि तिथल्या निदेशकांना घडवण्यासाठी केंद्रीय संस्था निघाल्या. पॉलिटेक्निकच्या शिक्षकांसाठी १९६० च्या दशकात भोपाळ, कोलकाता, चंदीगड आणि चेन्नई इथे चार संस्था झाल्या. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या वाट्याला आले. तुमच्या ओळखीत पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले काका किंवा मावशी असतील, तर त्यांना भोपाळच्या ट्रेनिंगबद्दल जरूर विचारा. गप्पा रंगतील.

तर श्रोतेहो, पुढच्या ओपन हाउसला गणिताच्या वर्गातून बाहेर पडल्यावर जरा वर्कशॉपकडेही वळा. तिथल्या शिक्षकांना दोन प्रश्न विचारा: "तुम्ही आधी काम कुठे करत होता? आणि शिकवायला कुठे शिकलात?" उत्तरं ऐकताना तुमचं मूल शेजारी असू द्या. मग विषयांचा कागद घरी येईल तेव्हा ते पान उलटायचं की त्यावर थांबायचं, ते मुलासोबत बसून ठरवा. पान उलटलंत तरी हरकत नाही. फक्त ते आपण वाचून उलटलं, एवढं मुलाला दिसलं पाहिजे.

तुमच्या घरात कोणी आयटीआय, पॉलिटेक्निक किंवा इथल्या सीटीईमध्ये शिकवत असेल, तर त्यांचा अनुभव आम्हाला जरूर कळवा.